हळदीत ‘आपलं’ असं नेमकं काय वाजतं?

तुम्ही पेण-रोह्याकडचे असाल तर हळद म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. लग्न एकीकडे आणि आदल्या रात्रीची हळद एकीकडे. पत्रिका हातात पडली की पोरांचा पहिला प्रश्न एकच, ‘हळदीला काय आहे, बेंजो की डीजे?’

गेल्या मे महिन्यात पेणजवळच्या आमच्या गावात मावसभावाची हळद होती. डीजे होता. मीही नाचले, उगाच साधेपणाचा आव आणत नाही. दहा वाजता नियमाप्रमाणे साऊंड बंद झाला आणि मांडवात नेहमीचा वाद सुरू झाला. काका म्हणाले, ‘हे डीजे-बिजे आपलं नाही. बेंजो ही आपली खरी परंपरा.’ सगळ्या मोठ्यांनी माना डोलावल्या.

घरी येऊन मी सहज बेंजोचा इतिहास शोधला आणि हसूच आलं. टाइपरायटरसारखी बटणं दाबून तारा छेडायचं आपलं हे वाद्य मूळचं जपानी. १९१२च्या सुमारास नागोया शहरात गोरो मोरिता या माणसाने ते बनवलं, नाव ‘तैशोगोतो’. भारतात ते बुलबुलतरंग झालं आणि आपल्याकडे बेंजो. नाव मात्र अमेरिकेतल्या भलत्याच वाद्याचं, ज्याचं मूळ आफ्रिकेत आहे. बेंजोच्या शेजारी जो पॅड वाजतो, तो ऑक्टापॅडही रोलँड या जपानी कंपनीने १९८५ मध्ये आणला. म्हणजे काकांच्या ‘खऱ्या परंपरे’तलं अर्धं सामान जपानचं!

बरं, त्याच्या मागे जाऊ. बेंजोआधी ब्रास बँड होता. तो आला ब्रिटिशांच्या लष्करी बँडवरून. रोह्याकडे अजून कुठे कुठे खालुबाजा ऐकू येतो, पण त्यातल्या सनई आणि ताशा या शब्दांची मुळंही फारसीत सापडतात. आणि प्रत्येक हळदीत हमखास वाजणारं ‘मी डोलकर’? ते शांता शेळक्यांनी लिहिलं, म्हणजे समुद्रापासून लांब, पुणे जिल्ह्यातल्या बाईंनी. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, आवाज लताबाईंचा आणि बंगाली हेमंतकुमारांचा. तरी ते आपलं नाही असं म्हणायची कुणाची हिंमत आहे?

म्हणून मला वाटतं, ‘परंपरा की डीजे’ हा वादच चुकीच्या जागी चाललाय. वाद्यं कायम बाहेरून आली, पुढेही येणार. प्रश्न वाजवतंय कोण, हा आहे. बेंजो पार्टीत गावातलीच आठ-दहा पोरं असायची. दिवसभर कामाला जाऊन रात्री कुणाच्या तरी पडवीत सराव करायची. जपानी वाद्यावर आपला ठेका त्यांनीच बसवला आणि म्हणून ते आपलं झालं. डीजेवालाही कलाकार असतो, मान्य. आगरी-कोळी गाण्यांची रिमिक्स ऐकून मीही थांबते. पण गाणं तयार होऊन येतं, एक माणूस ते लावतो आणि उरलेलं गाव फक्त ऐकतं.

आता खरी गोष्ट, जी मी मुद्दाम मागे ठेवली. त्या दिवशी डीजे लागायच्या आधी, संध्याकाळी, मांडवात धवलारीण आजी गात होती. आगरी-कोळी लग्नात धवला म्हणणारी ही बाई. ती गाते तसे विधी पुढे सरकतात. मागे दोन बायका ओळ धरून होत्या. आणि साऊंडवाला ‘हॅलो, चेक, वन टू थ्री’ करत होता. आजी दोनदा थांबली, तिसऱ्यांदा तशीच गात राहिली.

धवळे हा शब्द मी एम.ए.च्या मैत्रिणीच्या पुस्तकात पाहिला होता. तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदंबेने धवळे रचले. कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची गाणी. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून तिचं नाव घेतलं जातं. तिचे धवळे वेगळे, आजीचे वेगळे. पण लग्नात बाईने गायचं गाणं, त्याचं नाव तेच, सातशे वर्षं. एवढं जुनं आमच्या मांडवात चालू होतं आणि परंपरेवर भांडणाऱ्या एकाही माणसाने त्याचं नाव काढलं नाही. माझ्या फोनमध्ये त्या रात्रीचे चौदा व्हिडिओ आहेत. आजीचा एकही नाही.

नंतर लाज वाटून तिच्या घरी गेले, म्हटलं, रेकॉर्ड करते, गा. ती म्हणाली, ‘हलद नाय, नवरा नाय, तं धवला कुनाला गाऊ?’ तिला खरंच येईना. दोन ओळी झाल्या की अडायची. हळद लावणारे हात समोर असले की पुढची ओळ आठवते, एरवी नाही. फोन घेऊन ‘जतन’ करायला निघालेल्या माझ्यासारख्यांची तिथेच पंचाईत होते. रेकॉर्डिंग जरूर करा, पण चालू लग्नात करा. आणि आजीच्या मागे बसणारं कुणी आहे का, तेही बघा. तिच्या मागच्या दोघी साठीच्या पुढच्या आहेत.

तुमच्या घरात पुढचं लग्न कधी आहे? तोवर आजी-मावशीला विचारून ठेवा, तुमच्या गावात धवला कोण म्हणतं. काही गावांत उत्तर ‘होती एक’ असं येईल.

येत्या वैशाखात रोह्याला माझ्या मामेबहिणीचं लग्न आहे. डीजे ठरलाय, कुणी रद्द करणार नाही, मीही सांगितलं नाही. साऊंडवाल्याला एवढंच कबूल करायला लावलंय की धवला संपेपर्यंत माइक चेक करायचा नाही. आजीच्या मागे ओळ धरायला दोन बहिणी तयार झाल्यात. तिसरी मी. माझ्या आवाजाचं मात्र विचारू नका.