वाचक कोण, गिऱ्हाईक कोण?

धारूर तालुक्यातील तेलगावात साखर कारखाना आहे. तरीही दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून लक्षावधी मजूर कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. वृत्तपत्रांच्या लेखी या माणसांची किंमत किती? प्रश्न कटू आहे; पण बाजाराने त्याचे उत्तर केव्हाच देऊन ठेवले आहे.

वृत्तपत्राची गिऱ्हाइके दोन. वाचकाला ते बातमी विकते आणि जाहिरातदाराला तो वाचकच विकते! निर्मितीखर्चाहून कमी दरात अंक दारात पडतो, हे मालकांचे औदार्य नव्हे. किंमत उतरली की खप वाढतो, खप वाढला की जाहिरातीचा दर चढतो. १९९४ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने दिल्लीत किंमत उतरवली ती याच हिशेबाने. म्हणूनच नुसत्या खपावरून लोकांची आवड मोजणे हा भाबडेपणा होय. स्वस्ताईने वाढलेला खप किती आणि आवडीने वाढलेला किती, हे पाहायचे तर जाहिरातीचे उत्पन्नही त्याच तराजूत घालावे लागते.

या मोजमापाची अब्रू जानेवारी २०१४ मध्ये चव्हाट्यावर आली. २०१३ च्या भारतीय वाचक सर्वेक्षणाने नागपुरात ‘हितवाद’ला एकही वाचक नसल्याचा शोध लावला, प्रमाणित खप ६० हजारांवर असताना! १८ वृत्तपत्रसमूहांनी ते सर्वेक्षण झिडकारले, कारण याच आकड्यांवर जाहिरातींचे दर ठरतात. नागपूरची ही गत, तर तेलगावात चहाच्या टपरीवर एका अंकाभोवती जमणाऱ्या दहा जणांना कोण मोजणार? आणि मोजले तरी त्यांना मोटार थोडीच विकता येते!

बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचे आरोग्यमंत्र्यांनी २०१९ मध्ये विधान परिषदेत सांगितले. या भगिनींच्या वाट्याला पहिले पान येण्यासाठी केवढा आकडा साचावा लागला!

जाहिरातीमुळेच गरिबाला अंक स्वस्त मिळतो, असा बाजारवाद्यांचा युक्तिवाद असतो. तो अर्धा खरा आहे. उरलेले अर्धे महाराष्ट्राने २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पाहिले: उमेदवारांच्या पैशाने स्तुतिपर मजकूर बातमी म्हणून छापला गेला. भांडवलशाहीवर अग्रलेखांतून आसूड ओढणाऱ्या स्वयंघोषित पुरोगाम्यांची लेखणी तेव्हा कोठे होती?

प्रत्येक आवृत्तीने वाचकांकडून किती रुपये आले आणि जाहिरातदारांकडून किती, हे वर्षातून एकदा पहिल्या पानावर छापावे. बीड आवृत्त्यांनीही.