लहान संगणकाची जुळवाजुळव



गेल्या पंधरवड्यात सौसर तालुक्यातील आमच्या परिचयाचे एक कुटुंब आम्हांस भेटावयास आले. वडिलांची संत्र्यांची बाग आहे. बहाराचे पैसे हाती आलेले आहेत. थोरला मुलगा लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या आणि फ्लेक्स यांची डिझाइने करून आपल्या पायांवर उभा राहू पाहतो. त्यास संगणक हवा आहे, आणि तोही लहान हवा आहे; कारण आठवड्याचे चार दिवस तो घरी काम करितो व दोन दिवस पांढुर्ण्यास एका छापखान्यात बसतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. तेव्हापासून तेथे पाट्यांचे काम वाढले आहे, असे तो सांगतो. पडदे दोन्ही ठिकाणी आहेत. पेटी तेवढी पिशवीत घालून बसने न्यावयाची आहे.

आईचा प्रश्न साधा होता. "फादर, एवढ्या पैशांत बागेचं सालभराचं खत येते. ह्याचा डबा पाच वर्षं तरी टिकेल का, तेवढं सांगा."

या विषयात आम्ही काही पंडित नव्हे. परंतु आमच्या कार्यालयात एकदा जे घडले त्यामुळे थोडेसे शिकलो आहोत. काही वर्षांपूर्वी आम्ही हौसेने एक संगणक जोडवून घेतला व वीजपुरवठ्याची पेटी, जिला सारे एसएमपीएस म्हणतात, ती सर्वांत स्वस्त निवडली. मे महिन्यात एका दुपारी वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि त्या पेटीने स्वतःबरोबर डिस्कही नेली. नोंदवह्या कागदावर होत्या म्हणून निभावले. तीन वर्षे खपून केलेली त्यांची सूची मात्र गेली ती गेलीच. दोष दुकानदाराचा नव्हता. आठशे रुपये वाचविण्याची बुद्धी आमचीच होती.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. लॅपटॉप का नको, असे वडिलांनी विचारिले. लॅपटॉप वाईट नव्हे. तथापि पुष्कळ लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डालाच डाखविलेली असते, ती पुढे वाढविता येत नाही. शिवाय एक भाग बिघडला की सारे यंत्र दुरुस्तीस जाते. सुट्या भागांच्या पेटीत बिघडला तो भाग काढावा, दुसरा लावावा. आमच्या मते या मुलास पेटीच योग्य.

लहान पेटीचा पाया म्हणजे मिनी-आयटीएक्स जातीचा मदरबोर्ड. तो १७ सेंटिमीटर लांब व तितकाच रुंद असतो. त्याच्या वरचा मायक्रो-एटीएक्स २४.४ सेंटिमीटरांचा. लहान बोर्ड स्वस्त पडेल अशी बहुतेकांची समजूत असते. ती उलटी आहे. मिनी-आयटीएक्स सहसा महाग पडतो आणि त्यावर रॅमसाठी बहुधा दोनच खाचा असतात. ज्यास पेटी हलवावयाची नाही त्याने मायक्रो-एटीएक्सच घ्यावा, हे आम्ही स्पष्ट सांगतो. या मुलास बसने जावयाचे आहे, म्हणून त्याच्यापुरता जास्तीचा खर्च रास्त.

रॅम किती, हे कामच सांगते. आम्ही त्यास पाटीवर हिशेब मांडावयास लाविला. १० फूट रुंद व ४ फूट उंच फ्लेक्स, इंचाला ७२ ठिपके. रुंदीत ८,६४० ठिपके, उंचीत ३,४५६. एकूण जवळजवळ ३ कोटी. छपाईच्या चार शाईंचा एकेक अंक धरिला तर एका थरास सुमारे १२ कोटी बाइट. पोळ्याच्या फ्लेक्सवर बैलजोडी एका थरात, पुढाऱ्यांचे चेहरे दुसऱ्यांत, अक्षरे तिसऱ्यात असे दहा थर सहज होतात, आणि यंत्र मागील पायऱ्याही लक्षात ठेवीत असते. ८ जीबीत असे काम गुदमरते, १६ त चालते, ३२ त सुखाने चालते. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव फार चढले आहेत, म्हणून त्यास सुचविले की १६ जीबीची एकच पट्टी आज घ्यावी आणि दुसरी खाच पुढील बहारासाठी मोकळी ठेवावी. आठ-आठच्या दोन पट्ट्या घेतल्यास पुढे दोन्ही काढाव्या लागतील. एकाच पट्टीने वेग थोडा कमी पडतो, तो तूर्त सोसावा.

ग्राफिक्स कार्डावर त्याचा फार जीव होता. पत्रिका, पाट्या आणि फ्लेक्स यांस ते आवश्यक नाही. प्रोसेसरमध्येच अंतर्भूत असलेली चित्रशक्ती पुरते. घरांचे त्रिमिती नकाशे वा चलचित्रे करावयाची असतील तर गोष्ट वेगळी. तसे काम मिळाल्यावर घ्यावे, मिळण्याच्या आशेने नव्हे. आणि घेताना हे ध्यानात असावे की मदरबोर्डाची खाच स्वतः ७५ वॅटपर्यंतच वीज देते. आरटीएक्स ३०५० चे ६ जीबीचे कार्ड ७० वॅटचे आहे, त्यास निराळी तार लागत नाही. लहान पेटीस अशी कार्डे मानवतात. त्याने मनात धरिलेले कार्ड मात्र त्याने निवडलेल्या पेटीपेक्षा दोन बोटे लांब होते! म्हणून पेटीच्या माहितीपत्रकातील तीन मापे आधी लिहून घ्यावीत: कार्डाची लांबी, पंख्याची उंची आणि एसएमपीएसची जात. उभे मोठे पंखे १५ सेंटिमीटरांहून उंच असतात. लहान पेटीत बहुधा त्याच्या निम्मीही जागा नसते.

आपल्या प्रदेशात पंख्याचा विचार दुप्पट करावा. लग्नसराई आणि उन्हाळा एकाच वेळी येतात. यंत्रास सर्वांत जास्त काम असते तेव्हाच खोली तापलेली असते. पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो. डिसेंबरात खोली २० अंशांवर असता जो प्रोसेसर ६५ अंशांवर राहतो तोच मेमध्ये ४२ अंशांच्या खोलीत ८७ च्या आसपास जातो, आणि थोडा पुढे गेला की स्वतःला वाचविण्यासाठी वेग कमी करितो. ६५ वॅटच्या वर्गातला प्रोसेसर, जाळीची पेटी आणि धूळ गाळणारी, काढून धुता येणारी चाळण एवढे पुरे. काचेच्या भिंती आणि आतले रंगीत दिवे दिवाळीत शोभतात. त्यांचे पैसे पडद्यावर खर्चावेत. पडदा आयपीएस जातीचा व एसआरजीबी रंग पूर्ण दाखविणारा असावा. नाहीतर वधूचा निळा शालू छापून जांभळा येतो, आणि पुनर्छपाई कोणाच्या पदरी पडते हे सांगावयास नको.

खर्चात प्रणालीही धरावी. बाजारात चोरीच्या प्रती मिळतात, पण पोट भरण्याचे हत्यार चोरीचे नसावे. पैसे नसतील तर इंकस्केप आणि स्क्रायबस विनामूल्य आहेत. मराठी अक्षरांसाठी युनिकोड फॉन्ट वापरावेत. श्रीलिपीतील जुन्या फाइली फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उघडल्या की नुसती खिचडी दिसते. फादर थॉमस स्टीफन्स यांस १६१६ मध्ये देवनागरीचे खिळे नसल्यामुळे ख्रिस्तपुराण रोमन लिपीत छापावे लागले. आज या मुलास अक्षरे फुकट मिळतात.

आणखी एक वाट आहे. कचेऱ्यांतून काढलेले पुस्तकाएवढे जुने संगणक बरेच स्वस्त मिळतात. परंतु विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुने यंत्र घेऊ नये. पैसे कमी असते तर आम्ही त्यास हीच वाट दाखविली असती.

राहिली वीज. चांगल्या प्रतीचा ४५० वॅटचा एसएफएक्स जातीचा एसएमपीएस त्यास पुरतो. सोबत शुद्ध साइन लहरीचा यूपीएस घ्यावा. चौकोनी लहरीवर आधुनिक एसएमपीएस कधी कधी ऐनवेळी बंद पडतो. घरात अर्थिंग आहे का, असे विचारिले तेव्हा वडील म्हणाले, "मिक्सरला हात लावला की झिणझिणतं, फादर." म्हणजे नाही. वायरमनला बोलावून ते आधी करून घ्यावे, असे ठरले.

सोमवारी मुलगा नागपूरला सीताबर्डीत जाणार आहे. आईने पिशवीची मापे कागदावर लिहून दिली आहेत, आणि ग्राफिक्स कार्डाचे पैसे स्वतःजवळ ठेवून घेतले आहेत.