विश्लेषण : सेकंडहँड कॉम्पॅक्ट एसयूव्हीत ‘ऑटोमॅटिक’ या शब्दाखाली काय काय विकले जाते?

रंग, टायर आणि मीटरचा आकडा यांवर तासभर चर्चा होते. गाडीतला सर्वांत महाग भाग मात्र दोन किलोमीटरच्या चकरीत ‘ठीक आहे’ ठरतो. गिअरबॉक्सचा नेमका प्रकार जाहिरातीत लिहिण्याची सक्ती का हवी?

छोटे इंजिन, मोठे ओझे

चार मीटरच्या आतली एसयूव्ही ही भारतीय करपद्धतीची देणगी आहे. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि पेट्रोल असल्यास १२०० सीसी, डिझेल असल्यास १५०० सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या मोटारींना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली. पुढे कंपन्यांनी याच मापात उंच, जड बॉडी बसवली आणि छोट्या इंजिनाला टर्बो जोडून ताकद काढली. यात तांत्रिकदृष्ट्या वावगे काही नाही. पण गाडीत पाच माणसे, डिकीत आठ दिवसांचे सामान आणि समोर कसारा घाट असेल, तर ताण थेट क्लच आणि गिअरबॉक्सवर येतो. रोज घोडबंदर रोडला किंवा हिंजवडीच्या कोंडीत तासभर इंच इंच सरकणाऱ्या गाडीचा क्लच तर घाटापेक्षाही लवकर झिजतो.

त्यामुळे पाच-सहा वर्षांची गाडी विकायला निघते तेव्हा तिचे खरे वय मीटरवर कळत नाही. नागपूर-मुंबई महामार्गावर ८० हजार किलोमीटर धावलेली गाडी शहरात ३५ हजार किलोमीटर रांगलेल्या गाडीपेक्षा आतून तरुण असू शकते. बाजार मात्र दुसरीलाच जास्त भाव देतो.

ऑटोमॅटिक म्हणजे नेमके काय?

जाहिरातीत ‘ऑटोमॅटिक’ एवढाच शब्द असतो. प्रत्यक्षात त्या शब्दाखाली किमान चार वेगवेगळी यंत्रे विकली जातात. त्यांची दुखणी वेगळी आणि दुरुस्तीचा खर्चही वेगळा.

पहिला प्रकार एएमटी. यात गिअरबॉक्स आणि क्लचप्लेट नेहमीच्या मॅन्युअल गाडीचीच असते. फक्त पायाचे आणि हाताचे काम अ‍ॅक्च्युएटर करतो. डिझेल विटारा ब्रेझा आणि नेक्सॉनमध्ये २०१८ पासून हा पर्याय मिळू लागला. गिअर बदलताना मान हलकीशी पुढे-मागे होणे हा तिचा स्वभाव आहे, बिघाड नव्हे. चढावर गाडी मागे घरंगळणे, गिअर पडायला उशीर होणे, मध्येच न्यूट्रलला जाऊन दिवा लागणे ही मात्र क्लच संपत आल्याची किंवा अ‍ॅक्च्युएटर थकल्याची लक्षणे. क्लच बदलण्याचा खर्च मॅन्युअल गाडीच्या जवळपास असतो. अ‍ॅक्च्युएटर गेला तर बिल बरेच वाढते.

टॉर्क कन्व्हर्टर हा जुना आणि मुरलेला प्रकार. २०२० मध्ये पेट्रोल ब्रेझा आली ती चार गिअरच्या अशाच ऑटोमॅटिकसह. क्लचप्लेटऐवजी तेलातून ताकद जात असल्याने कोंडीत तो शांत राहतो. पण त्याचे तेल ‘आयुष्यभर बदलावे लागत नाही’ ही समजूत अनेक गिअरबॉक्सच्या मुळावर आली आहे. तेल काळे पडले असेल, जळका वास येत असेल किंवा ‘पी’मधून ‘डी’मध्ये टाकल्यावर गाडी दोन सेकंद विचार करून धक्का देत असेल, तर पुढे मोठे काम आहे असे समजावे.

सीव्हीटीत गिअर नसतातच. दोन पुलींवरून पट्टा फिरतो. मॅग्नाइट आणि कायगरच्या टर्बो पेट्रोलमध्ये हा प्रकार आहे. पाय दाबल्यावर आरपीएम चढतो आणि वेग मागून येतो, हे त्यात नैसर्गिक आहे. मात्र थरथर किंवा बारीक सततची शिट्टी नैसर्गिक नाही. चुकीचे तेल भरलेला सीव्हीटी तर दुरुस्त करण्यापेक्षा बदलणेच सोयीचे, असे बहुतेक गॅरेजवाले सांगतात.

चौथा ड्युअल क्लच, म्हणजे डीसीटी. २०१९ च्या व्हेन्यूत आणि पुढच्या वर्षी आलेल्या सोनेटमध्ये एक लिटर टर्बोसोबत तो देण्यात आला. यात एक क्लच विषम गिअरांचा, दुसरा सम गिअरांचा. पुढचा गिअर आधीच तयार असतो, म्हणून बदल लोण्यासारखा होतो. महामार्गावर याच्याइतके सुख दुसऱ्या ऑटोमॅटिकमध्ये नाही. पण या गाड्यांत क्लच ‘कोरडा’ असतो, म्हणजे तेलात बुडालेला नसतो. कोंडीत गाडी रांगते तेव्हा तो अर्धवट लागतो-सुटतो, घासतो आणि तापतो. मग पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथर सुरू होते, कधी पडद्यावर ट्रान्समिशन तापल्याची सूचना येते. क्लचचा संच आणि तो चालवणारे नियंत्रण युनिट दोन्ही बदलायची वेळ आली तर खर्च अनेकदा लाखाच्या घरात जातो.

इकोस्पोर्टचा धडा काय?

‘ऑटोमॅटिक’ शब्द किती फसवा आहे, हे एकाच गाडीत पाहायचे तर फोर्ड इकोस्पोर्ट घ्यावी. २०१३ मध्ये भारतात आलेली ही गाडी या वर्गातल्या सुरुवातीच्या यशस्वी गाड्यांपैकी एक. तिच्या १.५ लिटर पेट्रोल ऑटोमॅटिकमध्ये सुरुवातीला सहा गिअरचा कोरडा ड्युअल क्लच होता, ‘पॉवरशिफ्ट’ नावाचा. नोव्हेंबर २०१७ मध्ये नवे रूप आले तेव्हा पेट्रोल इंजिन बदलले आणि गिअरबॉक्सही. आता तिथे टॉर्क कन्व्हर्टर आला. बाहेरून पाहता दोन्ही इकोस्पोर्ट, दोन्ही पेट्रोल, दोन्ही ऑटोमॅटिक. आत दोन निराळी यंत्रे.

यातल्या पॉवरशिफ्टची कहाणी ऑस्ट्रेलियात न्यायालयात पोहोचली. तिथे फिएस्टा, फोकस आणि इकोस्पोर्टच्या ग्राहकांनी थरथरीच्या तक्रारी केल्या, तेव्हा ‘तुमच्या चालवण्याच्या पद्धतीमुळे असे होते’ असे उत्तर अनेकांना मिळाले. थरथर हे गाडीतल्या दोषाचे लक्षण आहे हे कंपनीला ठाऊक होते. एप्रिल २०१८ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने तक्रारी हाताळण्याच्या या पद्धतीबद्दल फोर्डला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. भारतातही थरथरणारी गाडी विकणारा हेच वाक्य ऐकवतो, ‘तुम्हाला ऑटोमॅटिकची सवय नाही’. ते मनावर घेऊ नये.

दुसरा धडा इंजिनाचा. इकोस्पोर्टच्या एक लिटर इकोबूस्ट इंजिनात टायमिंग बेल्ट इंजिन ऑइलमध्येच फिरतो. ठरवून दिलेल्या दर्जाचे तेल वेळेवर बदलले नाही तर बेल्टचे रबर सुटू लागते, त्याचा चुरा ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो आणि तेलाचा दाब पडतो. याच इंजिनातल्या ऑइल पंपाच्या बेल्टचा ताण राखणाऱ्या भागातील दोषासाठी डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत फोर्डला २०१८ ते २०२२ च्या इकोस्पोर्ट आणि काही फोकस मिळून सुमारे एक लाख ४० हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्या अमेरिकी इकोस्पोर्ट चेन्नईजवळच्या कारखान्यातूनच गेलेल्या होत्या.

फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतात गाड्या बनवणे थांबवण्याची घोषणा केली, म्हणून इकोस्पोर्ट आज स्वस्तात मिळते. ती घेऊच नये असे मुळीच नाही. १.५ डिझेल मॅन्युअल किंवा २०१७ नंतरची पेट्रोल ऑटोमॅटिक, सर्व्हिसच्या बिलांसह मिळाली तर विचार करण्याजोगी आहे. २०१३ ते २०१७ मधली पेट्रोल ऑटोमॅटिक मात्र क्लच बदलल्याचे बिल समोर नसेल तर सोडून द्यावी, कितीही चकचकीत असली तरी.

डिझेलवाले निर्धास्त राहू शकतात का?

नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले आणि जवळपास सर्व डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर आला, त्याला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जाळायला गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने धावावी लागते. मुलांना शाळेत सोडणे आणि मंडईत जाणे एवढेच जिचे आयुष्य, तिचा फिल्टर तुंबतो. काजळी जाळण्याचा प्रयत्न अर्ध्यात सुटत राहिला की जादा डिझेल ऑइलमध्ये उतरते. म्हणून डिपस्टिकवर तेल वरच्या खुणेपेक्षा जास्त दिसले, तर मालकाने उदारपणे तेल भरले असे समजू नये. पातळ झालेले ते तेल टर्बोच्या बेअरिंगचे आयुष्य खाते. विक्रेत्याने फिल्टर कापून रिकामा केला असेल तर तो वेगळाच प्रश्न. पीयूसीपासून पुढच्या खरेदीदारापर्यंत त्याचा जाच राहतो.

डिझेलच्या मॅन्युअल गाड्यांत क्लच सुटताना खडखड आणि गाडी बंद करताना धडधड जाणवली तर क्लचप्लेटवर काम भागेलच असे नाही. अनेक डिझेल गाड्यांत फ्लायव्हील दोन भागांचे असते. ते सैल झाले की क्लचपेक्षा महाग पडते.

ट्रायल कशी घ्यावी?

डीलरच्या गल्लीला एक फेरी म्हणजे ट्रायल नव्हे. गाडी सकाळी, थंड इंजिनावर पाहावी आणि आपण पोहोचण्याआधी ती सुरू करून ठेवू नये असे आदल्या दिवशी सांगावे. बॉनेटवर हात ठेवून ते गरम लागले, तर कुणाला तरी पहिल्या स्टार्टचा आवाज लपवायचा होता. सुरू होताना निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खाते. गरम झाल्यावरही पांढरा धूर आणि कूलंट कमी, तर हेड गॅस्केटची शंका.

त्यानंतर किमान अर्धा तास गाडी चालवावी, तीही मुद्दाम कोंडीत. बहुतेक डीसीटी आणि एएमटी पहिली दहा मिनिटे गुणी मुलासारखे वागतात. तापल्यावर खरे बोलतात. एखाद्या चढावर थांबून, ब्रेक सोडून, हलक्या पायाने गाडी पुढे घ्यावी आणि मग तोच चढ रिव्हर्समध्ये. मॅन्युअल गाडी चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाने नेऊन पाय पूर्ण दाबावा. आरपीएम वर गेला आणि वेग जागेवरच राहिला, तर क्लचप्लेट गेली. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवल्यावर पुढच्या चाकातून ‘टक टक’ आली तर अ‍ॅक्सलचा जॉइंट झिजला आहे. हे काम स्वस्त आहे, घासाघीस करायला उपयोगी.

ओळखीच्या मेकॅनिककडून स्कॅनर लावून घ्यावा आणि फक्त ‘एकही कोड नाही’ यावर खूश होऊ नये. बॅटरी काढून किंवा स्कॅनरनेच कोड पुसता येतात. ते नुकते पुसले असतील तर गाडीच्या आपल्या-आपण होणाऱ्या चाचण्या ‘अपूर्ण’ दिसतात. ते पाहणारा मेकॅनिक हवा.

महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. इंजिन वाचले तरी गिअरबॉक्सच्या श्वासनळीतून पाणी आत शिरते, तेल दुधाळ होते आणि खाली बसवलेली कंट्रोल युनिट दोन-तीन वर्षांनी गंजून बोलू लागतात. सीटच्या रेलवरचा गंज आणि सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर टोकाला दिसणारी चिखलाची रेघ सहसा खोटे बोलत नाही.

वॉरंटी आहे, मग चिंता कशाची?

वापरलेल्या गाड्यांची साखळी दुकाने वॉरंटी देतात आणि ‘दोनशे मुद्द्यांची तपासणी’ अशी यादीही. ती बारकाईने वाचावी. क्लच हा सहसा ‘झीज होणारा भाग’ म्हणून वगळलेला असतो. डीसीटीत क्लच हाच गिअरबॉक्सचा सर्वांत नाजूक आणि महाग भाग असताना तो वगळलेली वॉरंटी म्हणजे छत्रीला कापड नसण्यासारखे आहे.

सरकारचे लक्ष अजून कागदांवर आहे. वापरलेल्या गाड्यांच्या डीलरना परिवहन विभागाकडे नोंदणीची अट घालणारे केंद्राचे नियम डिसेंबर २०२२ मध्ये आले. गाडी डीलरकडे असताना जबाबदारी कोणाची, हा त्यांचा विषय. आतल्या यंत्राची माहिती देण्याचे बंधन त्यांत नाही. डीलरच्या नफ्यावर आता १८ टक्के जीएसटी घेतला जातो. कर घेणाऱ्या व्यवस्थेने जाहिरातीत गिअरबॉक्सचा नेमका प्रकार, क्लच आणि ट्रान्समिशन ऑइल शेवटचे कधी बदलले आणि पूर्वी ट्रान्समिशनचे कोणते काम झाले, एवढ्या तीन ओळी सक्तीच्या करणे अवघड नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या संगणकात ही माहिती पडलेली असतेच.

तोपर्यंत खरेदीदाराच्या हातात एकच साधन उरते. याच मापाच्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवर आल्याने नव्या-जुन्यातली दरी कमी झाली आहे. अशा वेळी गिअरबॉक्सचे एक बिल जुनी गाडी घेऊन वाचवलेला बराचसा पैसा गिळू शकते. म्हणून टोकन देण्याआधी चेसिस नंबरवरून अधिकृत सेंटरमधला सर्व्हिसचा पूर्ण इतिहास मागावा. आणि व्यवहाराच्या कागदावर ‘गिअरबॉक्सला ज्ञात दोष नाही’ हे वाक्य विक्रेत्याच्या सहीने लिहून घ्यावे. सही करताना अनेक विक्रेत्यांचा हात अडखळतो, आणि किमतीची बोलणी तिथून पुन्हा सुरू करता येतात.