गोवर 'येऊन गेलेला बरा' नसतो

"डॉक्टर, लहानपणी गोवर येऊन गेलेला बरा. प्रतिकारशक्ती वाढते." घाटकोपरच्या माझ्या दवाखान्यात हे वाक्य आजीही म्हणते आणि आयटीत काम करणारा बापही. दोघांचंही चुकतंय.

यातलं अर्धं खरं आहे. जंतू एकदा शरीरात येऊन गेला की काही पांढऱ्या पेशी त्याची ओळख जपून ठेवतात. त्यांना स्मृतिपेशी म्हणतात. तोच जंतू पुन्हा आला की त्या झटपट अँटिबॉडी बनवायला लागतात. फेरो बेटांवर १७८१ नंतर थेट १८४६ मध्ये गोवराची साथ आली, तेव्हा ६५ वर्षांपूर्वी गोवर झालेले म्हातारे त्यातून वाचले. स्मृती इतकी टिकते.

आता उरलेलं अर्धं ऐका. गोवराचा विषाणू नेमका या स्मृतिपेशींवरच हल्ला करतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचं गोवराआधीचं आणि नंतरचं रक्त तपासलं गेलं. इतर जंतूंविरुद्ध त्यांच्याकडे आधी असलेल्या अँटिबॉडीपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशा झाल्या होत्या. म्हणजे मूल गोवर लक्षात ठेवतं आणि बाकीचं बरंच विसरतं. पुरळ आठवड्यात जातं. न्यूमोनिया, जुलाब यांचा धोका मात्र पुढे दोन-तीन वर्षंही राहू शकतो. याला तुम्ही प्रतिकारशक्ती वाढणं म्हणता?

२०२२ च्या शेवटी गोवंडीत गोवराने लहान मुलं दगावली. "ते तिकडे, झोपडपट्टीत," असं म्हणू नका. रुग्ण निघून गेल्यावरही हा विषाणू खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत राहतो. सोसायटीचा वॉचमन त्याला अडवत नाही.

लशीतला विषाणू दुबळा केलेला असतो. तो गोवराची ओळख करून देतो, जुनी स्मृती पुसत नाही. बहुतेक मुलांना फार तर थोडा ताप येतो. एमआर लशीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत, पालिकेच्या दवाखान्यात मोफत मिळतो. डोस चुकला असेल तर पाच वर्षांपर्यंत तिथेच देता येतो. मुलाला प्रतिकारशक्तीचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आज रात्री मुलाचं लसीकरणाचं कार्ड काढून बघा. दुसऱ्या डोसची जागा रिकामी असेल, तर उद्या सकाळीच दवाखाना गाठा.