जाईचा पाला कोठून आणावा?

जात्यादि तैल वापरीत नाही असा वैद्य आमच्या तरी पाहण्यात नाही. दुष्ट व्रण असो, नाडीव्रण असो, परिकर्तिका असो किंवा मधुमेही रुग्णाच्या पायाची चिघळलेली जखम असो, आपला हात प्रथम त्याच बाटलीकडे जातो. परंतु गेल्या वर्षभरात जाईचे ताजे पान आपल्यापैकी किती जणांनी हातात घेऊन पाहिले, असा प्रश्न एखाद्या सभेत विचारला तर फारच थोडे हात वर येतील, असे आम्हांस वाटते. ज्या द्रव्याच्या नावाने हा कल्प ओळखला जातो, ते द्रव्यच आपल्या डोळ्यांआड गेले आहे. जाई ही आपल्या लेखी गजऱ्याची आणि देवपूजेची वेल होऊन बसली आहे. वैद्याच्या अंगणातील तिचे स्थान तिला परत मिळावे, यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम नावांचा गोंधळ पाहू. जाती म्हणजे जाई. मात्र जातीफल म्हणजे जायफळ, आणि जातीपत्री म्हणजे जायफळावरील लालसर वेष्टन, अर्थात जायपत्री. जातीपत्र आणि जातीपत्री यांत एका वेलांटीचे अंतर आहे, परंतु एक व्रणावर आणि मुखपाकावर वापरावयाचा पाला आहे, तर दुसरे मसाल्यातील उष्ण, तीक्ष्ण, सुगंधी द्रव्य आहे. मुखपाकावरील प्रसिद्ध गंडूषयोगात जाईची पाने, गुळवेल, द्राक्षा, धमासा, दारुहळद व त्रिफळा यांचा काढा थंड करून त्यात मध घालावयाचा असतो. या योगासाठी जायपत्री आणावयाची का, असा प्रश्न एका तरुण वैद्यमित्राने आम्हांस दूरध्वनीवर विचारला होता. त्याने विचारले, हे उत्तमच झाले. न विचारता जायपत्रीचा काढा सोललेल्या तोंडात धरावयास देणाऱ्याचे रुग्ण काय म्हणतील, याची कल्पना केलेली बरी! हा दोष त्या मित्राचा नव्हे. जाईचे पान कधीही न पाहता जाती या द्रव्याची उत्तरपत्रिका लिहिता येते, दोष असलाच तर या व्यवस्थेचा आहे.

पान पाहिले असते तर शंकेला जागाच उरली नसती. जाईचे पान संयुक्त असते. एका देठावर समोरासमोर पर्णिकांच्या जोड्या असतात, टोकाला एक पर्णिका असते व ती इतरांहून मोठी असते. पर्णिकांची संख्या साधारणतः सात ते अकरा भरते. फूल पांढरे, परंतु कळीच्या आणि पाकळ्यांच्या बाहेरील अंगावर गुलाबी-जांभळी झाक असते. हिंदी भाषक जिला चमेली म्हणतात ती हीच. वनस्पतिशास्त्रात तिला जॅस्मिनम ग्रँडिफ्लोरम म्हणतात, काही ग्रंथ तिला जॅस्मिनम ऑफिसिनाले या नावाखाली घालतात. जुई, म्हणजे यूथिका, ही निराळी आहे. तिच्या मुख्य पानाच्या बुडाशी कानाच्या पाळीएवढ्या दोन चिमुकल्या पर्णिका असतात आणि त्यावरूनच तिला ऑरिक्युलेटम हे नाव पडले. मोगऱ्याचे पान साधे, रुंद व चकचकीत असते. कुंदाचे पानही साधेच, पण हाताला लवदार लागते, आणि त्याचा बहर थंडीतला. रातराणीस इंग्रजीत जॅस्मिन म्हणत असले तरी तिचा या कुळाशी काडीचाही संबंध नाही. ती धोतऱ्याच्या कुळातील असून विषारी आहे. पारिजातक मात्र जाईच्याच कुळातला आहे, पण त्याची जाती निराळी आणि गुणही निराळे.

‘सुवासिक फुले सगळी सारखीच’ असे समजणाऱ्यांसाठी एक उदाहरण पुरेसे आहे. मोगऱ्याची फुले स्तनांवर बांधल्याने दूध आटते, असा समज आपल्याकडे जुना आहे. १९८८ साली एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या उपचाराची तुलना ब्रोमोक्रिप्टीन या आधुनिक औषधाशी केली गेली आणि फुलांचाही परिणाम दिसून आला. व्रणरोपण करणारी जाई आणि स्तन्य कमी करणारा मोगरा यांना एकाच टोपलीत टाकणे वैद्यास शोभत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. चरकाचार्यांनी कुष्ठघ्न महाकषायातील दहा द्रव्यांत जाईचा समावेश केला आहे, पण तेथे शब्द ‘जातीप्रवाल’ असा आहे. प्रवाल म्हणजे कोवळी पालवी. शार्ङ्गधरांच्या जात्यादि तैलातही पल्लव अपेक्षित आहेत. जून, करपट, देठासह वाळवून पोत्यांत भरलेला पाला आचार्यांना अभिप्रेत नव्हता. बाजारात जे मिळते ते बहुधा नेमके हेच असते. वाळलेल्या पाल्याचा चुरा झाला की त्यातील पर्णिका जाईच्या की आणखी कशाच्या, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखणे जवळजवळ अशक्य असते. सूक्ष्मदर्शक घेऊन बसणारे वैद्य आपल्यात किती? भावप्रकाशात पुष्पवर्गामध्ये जाईला शिर, नेत्र, मुख व दंत यांच्या विकारांवर, तसेच विष, कुष्ठ, व्रण आणि रक्तदोषांवर उपयुक्त म्हटले आहे. एवढी भिस्त ज्या पानावर ठेवावयाची ते पान ओळखीचे असावे, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.

‘आम्ही लहान प्रमाणावर तेल काढतो, त्यासाठी बाग कोठून आणावी?’ असे कोणी म्हणेल. त्याचा हिशेबच मांडू. स्नेहपाकात कल्क एक भाग, स्नेह चार भाग व द्रव सोळा भाग हे सामान्य मान आहे. एक किलो तेलास २५० ग्रॅम कल्क लागतो. जात्यादि तैलात अठराच्या आसपास द्रव्ये आहेत. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्यास ढोबळ मानाने १४ ग्रॅम येतात. ओले द्रव्य दुप्पट घ्यावे या परिभाषेनुसार ताजा पाला धरला तरी तो २८ ग्रॅम होतो. (मोरचुदाची शुद्धी व त्याचे प्रमाण हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, येथे त्यात शिरत नाही.) एक मूठभर पालवी! चांगल्या वाढलेल्या एका वेलीच्या एकाच छाटणीत याच्या कितीतरी पट पाला निघतो. एक कुंडी, चार हात तार आणि सकाळचे ऊन एवढ्यावर ज्याची सोय होते, त्यासाठी आपण अनोळखी चुऱ्याची पिशवी विकत घेत आहोत.

जाईचे औदार्य असे की, तिला जितके छाटावे तितकी ती फुटते. फुले नव्या फुटीच्या शेंड्यांना येतात. त्यामुळे फुलांसाठी केलेली छाटणी औषधाची पालवीही देते. तामिळनाडूत, जेथे या फुलांची शेती मोठ्या प्रमाणावर होते, तेथे मोगऱ्याची छाटणी नोव्हेंबरअखेर, जाईची डिसेंबरअखेर आणि जुईची जानेवारीअखेर करण्याची शिफारस आहे. आपल्याकडेही थंडी ओसरू लागताच छाटणी करावी, त्याआधी काही दिवस पाणी तोडावे आणि छाटणीनंतर शेणखत घालून पाणी सुरू करावे. काही आठवड्यांत जी तांबूस-पोपटी पालवी येते, ती प्रवाल.

रोप तयार करणे अवघड नाही. मात्र बियांच्या नादी लागू नये, या वेलींची वाढ फांद्यांवरूनच करतात. आषाढ-श्रावणाची हवा त्यास उत्तम. फार कोवळी नाही आणि फार जून नाही, अशी पेन्सिलीच्या जाडीहून किंचित बारीक फांदी घ्यावी. तिचे वीतभर लांबीचे, तीन-चार पेरांचे तुकडे करावेत. खालचा काप पेराच्या लगेच खाली, तिरका द्यावा, कारण मुळे प्रामुख्याने पेरापाशी फुटतात. खालची पाने काढून टाकावीत, वरची एक-दोन ठेवावीत. अर्धी वाळू व अर्धा नारळाचा भुसा यांच्या मिश्रणात दोन पेरे पुरून कुंडी सावलीत ठेवावी. मुळे फुटण्यास चार ते सहा आठवडे लागतात. येथे नवशिक्यांचा धीर सुटतो. दोन आठवड्यांत वर कोंब दिसला की कलम लागले असे मानून ते उन्हात नेले जाते आणि चार दिवसांत सुकते. पहिला कोंब हा फांदीत साठलेल्या अन्नावर आलेला असतो, खाली मूळ असल्याचा तो पुरावा नव्हे. उपटून पाहण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा.

ज्यांना ही यातायात नको, त्यांनी दाब कलम करावे. वेलीची एक लांब फांदी वाकवून शेजारच्या कुंडीतील मातीवर आणावी, पेराखाली साल किंचित चिरावी, तेवढा भाग मातीत दाबून वर दगड ठेवावा. दोन-तीन महिन्यांत मुळे धरली की मूळ वेलीपासून तोडावे. आईचे दूध पिता पिता लेकरू भात खाऊ लागते, तसा हा प्रकार आहे. यात अपयश क्वचितच येते.

पुढील निगा फारशी नाही. बारा-चौदा इंची कुंडी, निचऱ्याची माती, दिवसातून पाच-सहा तास ऊन. कोकणात व गोव्यात पावसाळ्यात कुंडीचे भोक तुंबू नये याकडे लक्ष द्यावे. देशावर प्रश्न उलटा असतो. चुनखडीची जमीन व विंधनविहिरीचे जड पाणी यांमुळे नवी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असे दिसू लागते. ही लोहाची उणीव होय. जणू वेलीचा पांडुरोगच! तेथे पावसाचे साठवलेले पाणी व भरपूर कंपोस्ट यांनी बराच फरक पडतो. खालची जुनी पाने पिवळी पडत असतील तर मात्र प्रथम पाणी कमी करून पाहावे.

एका बाबतीत आम्ही आग्रही आहोत. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपावर कोणकोणती फवारणी झाली, हे आपणांस ठाऊक नसते. अंतर्प्रवाही कीटकनाशके पानाच्या आत मुरतात, वरून धुऊन जात नाहीत. म्हणून विकत आणलेल्या वेलीची पहिली छाटणी औषधात वापरू नये, निदान एक बहर जाऊ द्यावा. घरी लाल कोळी दिसल्यास पानांच्या पाठीवर पाण्याचा जोरदार फवारा मारावा. कळीत अळी शिरल्यास त्या कळ्या खुडून नष्ट कराव्यात. थोडी फुले कमी मिळतील, मिळू द्यात. ज्या पानाचा काढा व्रणावर किंवा तोंडात धरावयाचा आहे, त्यावर विष मारणे आम्हांस मान्य नाही.

येथे एक गमतीची गोष्ट सांगावीशी वाटते. १९६२ साली जाईच्या फुलांच्या सुगंधी तेलातून मिथाइल जॅस्मोनेट हा पदार्थ शास्त्रज्ञांनी वेगळा केला. पुढे असे आढळले की, किडीने पान कुरतडले किंवा वनस्पतीस जखम झाली की याच गटातील द्रव्ये तिच्या शरीरात धोक्याची वर्दी देतात आणि तिची संरक्षणव्यवस्था जागी करतात. यावरून ‘आमच्या आचार्यांना हे आधीच ठाऊक होते’ अशी आरोळी ठोकण्याचे कारण नाही. वनस्पतीचा व्रण आणि मनुष्याचा व्रण यांत मोठे अंतर आहे. पण आपल्या व्रणरोपक वेलीवरून जखमेच्या संदेशद्रव्याचे नाव पडावे, हा योग रमणीय खराच.

आमच्या या आग्रहावर एक आक्षेप नेहमी येतो. वैद्याने रुग्ण तपासावेत की माळीकाम करावे? औषधनिर्माते आहेत, त्यांनी द्रव्यपरीक्षा करावी. आक्षेप अगदीच निराधार नाही. दिवसाला पन्नास रुग्ण पाहणाऱ्या वैद्याने स्वतः तेल शिजवावे, असे आमचेही म्हणणे नाही. पण तयार तेल वापरणाऱ्यानेही मूळ द्रव्य ओळखावे की नाही? वनौषधी उद्यान महाविद्यालयांना बंधनकारक आहे, राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ २००० सालापासून अस्तित्वात आहे, मात्र पदवी घेऊन बाहेर पडलेल्या वैद्याच्या दवाखान्याच्या दारात तुळशीखेरीज एकही कुंडी नसते. त्यातून मुखपाकासारख्या व्याधीत ताज्या पानाला पर्याय नाही. दोन-चार कोवळी पाने चावून रस तोंडात घोळवून थुंकावयास सांगितले, तर ती पाने रुग्णाने आणावयाची कोठून?

अर्थात येथे सावधगिरीही हवी. २०१२ साली राज्यात गुटखाबंदी झाली तरी तंबाखू व सुपारी खाणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. तीन आठवड्यांत न भरणारा तोंडातील व्रण, पांढरा वा लाल चट्टा, तोंड उघडण्यास होणारा अडथळा यांपैकी काहीही दिसल्यास जाईची पाने देत बसू नये. रुग्णास तत्काळ तज्ज्ञाकडे तपासणीस पाठवावे. पालवी सौम्य मुखपाकासाठी आहे. अर्बुदाचे निदान लांबविण्यास ती कारण झाली, तर तो दोष वेलीवर जाणार नाही.

आमची सूचना साधी आहे. येत्या पावसाळ्यात प्रत्येक शाखेच्या मासिक सभेस, ज्यांच्याकडे खात्रीची जाई आहे त्यांनी दहा-दहा कलमे तयार करून आणावीत. शाखेतील द्रव्यगुणाच्या अध्यापकांनी पान पाहून ओळख पटवावी आणि मगच ती वाटावीत. प्रत्येक कुंडीस चिठ्ठी असावी: वनस्पतीचे नाव, कलम केल्याची तारीख, मूळ वेल कोणाकडील, आणि शेवटची फवारणी कधी व कशाची. जुई व मोगरा आणणाऱ्यांचेही स्वागत आहे, फक्त त्यांच्या कुंड्या वेगळ्या ओळीत ठेवाव्यात.