प्रिंटरची किल्ली कुणाकडे?

गेल्या पावसाळ्यात आमच्या केंद्रावर एक बाई आली. अंगावर वळ, कडेवर पोर. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली तिचा अर्ज तयार झाला आणि नेमका प्रिंटर ‘ऑफलाइन’ दाखवू लागला. नेहमीचा दुरुस्तीवाला दादा गावाला गेलेला. शेवटी मी अर्ज नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवला. प्रती मिळाल्या. पण तिची सगळी कहाणी, नावपत्त्यासकट, त्याच्या फोनवर राहिली. दोन दिवसांनी ती म्हणाली, “ताई, तो माझ्या दिराचा मित्र आहे.”

मला माझीच लाज वाटली. कायद्याची कलमं आम्हाला पाठ, पण टेबलावरचं यंत्र पुरुषाच्या हवाली! ‘मशीन हे बायकांचं काम नव्हे’ हे आम्हीही न बोलता मान्य केलं होतं. एकेकाळी सायक्लोस्टाईलच्या शाईने हात काळे करून पत्रकं काढणाऱ्या चळवळीच्या आम्ही वारसदार!

मग आम्ही तिघीजणी शिकायला बसलो. गोष्ट साधीच होती. राउटर प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता देतो. वीज जाऊन आली की तो बदलू शकतो, आणि कॉम्प्युटर मात्र जुन्याच पत्त्यावर कागद धाडत बसतो. आम्ही राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता कायमचा राखून ठेवला, त्या पत्त्याने प्रिंटर पुन्हा जोडला, चाचणीचा कागद काढला. तासाभराचं काम. अडल्यावेळी साधी यूएसबी केबल लावूनही छापता येतं, हे त्या दिवशी ठाऊक असतं तर!

आणखी एक कळलं. प्रिंटर वायफायवर असला की ते वायफाय वापरणाऱ्या इतरांनाही त्याच्यापर्यंत पोचता येतं, छापलेल्या फाइलींची नावंही दिसू शकतात. म्हणून प्रिंटरचा मूळ पासवर्ड बदलला, येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी वेगळं वायफाय ठेवलं, आणि फाइलीला बाईचं नाव न देता नुसता क्रमांक देऊ लागलो.

कुणी म्हणेल, एवढे मोठे प्रश्न असताना प्रिंटर काय घेऊन बसलात? मैत्रिणींनो, बाई विश्वासाने बोलते आणि तिचं बोलणं कागदावर उतरतं. तो कागद कुणाच्या हातातून जातो, हाही आपलाच प्रश्न आहे. प्रत्येक केंद्रात निदान दोघींना तरी हे काम आलं पाहिजे. दादाला जरूर बोलवा, पण शेजारी बसून शिकून घ्या. पासवर्ड मात्र आपल्याच कपाटात राहू दे.