धरणाचं पाणी, पण कोणाच्या शिवारात?



आपल्यातले कितीतरी जण गाव सोडून निघाले ते पाण्यापायी. विहीर आटली, बोअर कोरडं गेलं, पोटाला कोरडवाहू पुरेना, मग निघाले. म्हणून 'धरण झालं की गावाचं भलं होतं' हे आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही. पण ज्या अमेरिकेत आज आपले लोक राबतात, तिथला अनुभव या वाक्याला एक प्रश्न जोडतो : भलं होतं, पण कोणाचं?

कॅलिफोर्नियाचंच उदाहरण घ्या. सॅन वाकीन नदीवरचं फ्रायंट धरण 1942 मध्ये उभं राहिलं. त्याच्या जलाशयातून फ्रायंट-कर्न कालवा दक्षिणेला बेकर्सफील्डपर्यंत गेला, म्हणजे जवळजवळ 245 किलोमीटर. या पाण्यावर द्राक्षं, संत्री, बदाम यांच्या बागा फुलल्या. पॅकिंगची शेडं आली, ट्रक आले, बँका आल्या, गावं वाढली. धरणाने प्रांताचं अर्थकारण बदलतं ही गोष्ट खरी आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही.

आता दुसरी बाजू बघा. 1902 च्या कायद्यानुसार सरकारी प्रकल्पाचं पाणी एका मालकाला 160 एकरांपुरतंच मिळायचं होतं. हेतू असा, की जनतेच्या पैशाने अडवलेलं पाणी लहान शेतकऱ्याच्या घरात जावं. ही मर्यादा इथे लागू करावी की नाही, हा वाद पेटला तेव्हा 1940 च्या दशकात वॉल्टर गोल्डश्मिट या अभ्यासकाने दोन गावं तपासली. दिन्यूबामध्ये लहान शेतकरी जास्त, आर्विनमध्ये मोठ्या कंपन्यांची शेती. दोन्हीकडे बागायत, दोन्हीकडच्या पिकांची किंमतही साधारण सारखी. पण दिन्यूबात दुकानं जास्त, शाळा आणि बागा जास्त, राहणीमान बरं. आर्विनमध्ये कामकरी माणसांत शेतमजूरच बहुसंख्य, आणि गावाला स्वतःची नगरपालिकासुद्धा नव्हती. पीक सारखंच निघालं. फरक पडला तो जमीन कोणाच्या हातात होती यामुळे.

बड्या जमीनदारांना हे रुचलं नाही. पुढचा अभ्यास थांबवला गेला, 160 एकरांची अट वर्षानुवर्षं ढिली राहिली आणि 1982 मध्ये ती 960 एकर झाली.

मजुराचं काय? 1935 च्या संघटनेच्या कायद्यातून आणि 1938 च्या किमान वेतनाच्या कायद्यातून शेतमजूर वगळले होते. बागा फुलल्या, पण तोडणी करणाऱ्याला हक्क नव्हता. 8 सप्टेंबर 1965 रोजी डेलानोच्या द्राक्षमळ्यांत लॅरी इटलियॉंग यांच्या नेतृत्वाखाली फिलिपिनो मजुरांनी काम थांबवलं. सेझर चावेझ आणि डोलोरेस वेर्ता यांचे मेक्सिकन मजूर लगेच त्यांना सामील झाले. पाच वर्षं लढा चालला, तेव्हा करार झाले. जलाशयाच्या पाण्याने मजुराची मजुरी आपोआप वाढली नाही, ती एकजुटीने वाढली.

हे वाचताना आपलं उजनी आठवतं की नाही? भीमेचं पाणी अडवलं, सोलापूरकडे ऊस उभा राहिला, कारखान्यांची धुराडी पेटली. पण तो ऊस तोडायला बीडचा माणूस बायको-पोरांसकट येतो आणि कोपीत राहतो. ज्यांची घरं-शेतं पाण्याखाली गेली त्यांच्या पुनर्वसनाचा हिशेब तर वेगळाच. मात्र दुसरा रस्ताही आपल्याच मातीत सापडतो. पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी 1970 च्या दशकात पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या एकरांवर नाही, घरातल्या डोक्यांवर वाटायचं आणि भूमिहीनालाही हिस्सा द्यायचा. पाणी पिऊन टाकणाऱ्या उसाला मनाई. पाणी थोडं होतं, पण वाटणी चोख होती.

आमचं म्हणणं साधं आहे. धरण, तलाव, बंधारे व्हायलाच हवेत. पण त्यासोबत तीन गोष्टी लेखी हव्यात : ज्याची जमीन गेली त्याला आधी काय मिळणार, लहान शेतकऱ्याला आणि भूमिहीनाला किती पाणी मिळणार, आणि त्या बागायतीत राबणाऱ्याची मजुरी व निवारा काय असणार. गावाकडे पैसे पाठवणाऱ्याचा शब्द घरात वजनदार असतो. ग्रामसभेत हे तीन प्रश्न विचारायला भावाला, वहिनीला फोनवर सांगा.

आणि तुम्ही स्वतः कॅलिफोर्नियात उन्हात राबत असाल तर हेही लक्षात ठेवा. 2005 पासून तिथे नियम आहे : मालकाने प्रत्येक कामगारासाठी तासाला साधारण एक लिटर स्वच्छ पाणी ठेवायचं, आणि पारा 80 फॅरनहाइटच्या वर गेला की सावली द्यायची. शेतात दिवसाला 8 किंवा आठवड्याला 40 तासांपुढे काम झालं तर जादा दराने मजुरी मिळते. कागदपत्रं असोत-नसोत, हे हक्क लागू आहेत. आपले तास रोज वहीत लिहून ठेवा.

शेकडो मैल कालव्यातून पाणी नेणाऱ्या राज्यात मजुराच्या पेल्यातल्या पाण्यासाठी वेगळा नियम करावा लागला. पाणी उताराकडे आपसूक वाहतं. हक्क तसा वाहत नाही, त्याचा पाट आपल्यालाच खणावा लागतो.